उपचार संपल्यानंतरचे शिक्षण : कर्करोगमुक्त विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयीन शिष्यवृत्ती



रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात खाटांची संख्या, शस्त्रक्रियांचे तपशील, नवीन यंत्रसामग्री आणि जमाखर्चाचे ताळेबंद यांना स्थान असते, व ते योग्यच आहे. या पृष्ठांवर मात्र आम्ही अशा एका खर्चाविषयी लिहीत आहोत, ज्याचा संबंध वरवर पाहता रुग्णालयाशी नाही असे वाटण्याचा संभव आहे. बालपणी किंवा पौगंडावस्थेत ज्यांना कर्करोग झाला, ज्यांनी उपचार पूर्ण केले आणि जे आता महाविद्यालयाच्या दाराशी उभे आहेत, अशा मुलामुलींना दिली जाणारी शिष्यवृत्ती हा तो खर्च होय.

"रुग्णालयाचे काम रोग बरा करण्याचे. महाविद्यालयाचे शुल्क आणि खानावळीचे बिल भरणे हे त्याचे काम आहे काय?" असा प्रश्न आमच्या देणगीदारांकडून वारंवार विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. सार्वजनिक न्यासाचा प्रत्येक रुपया हा विश्वासाने सोपविलेला रुपया असल्यामुळे त्याचे उत्तर देणे हे आमचे कर्तव्यही आहे. ते उत्तर सविस्तर मांडावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

बरे होणाऱ्या मुलांची नवी पिढी

मुलांचा कर्करोग म्हणजे काही आठवड्यांची सोबत, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ होती व ती निराधार नव्हती. अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४८ साली रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांवर अ‍ॅमिनॉप्टेरिन या औषधाचा परिणाम प्रसिद्ध केला, तेव्हा काही मुलांचा आजार केवळ तात्पुरता मागे हटला होता. तेवढ्यानेही वैद्यकीय जग चकित झाले. तेथून पुढच्या काळात अनेक औषधांचा एकत्रित वापर, किरणोपचार, शस्त्रक्रिया, रक्तघटकांचा पुरवठा आणि जंतुसंसर्गावरील उपचार यांची जोड मिळत गेली. आज संपन्न देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत मात्र हे प्रमाण ३० टक्क्यांहूनही कमी आहे. २०३० सालापर्यंत जगभरात किमान ६० टक्के मुले बरी व्हावीत, या उद्दिष्टाने संघटनेने २०१८ साली एक जागतिक उपक्रम हाती घेतला.

आपल्या राज्याला या कार्याची जुनी परंपरा आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. उपचार पूर्ण केलेल्या मुलांच्या दीर्घकालीन तपासणीसाठी तेथे १९९१ साली स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग उघडण्यात आला. या घटनेचा अर्थ आम्ही महत्त्वाचा मानतो. बरी झालेली मुले मोठ्या संख्येने दिसू लागली आणि त्यांचे प्रश्न आजारी मुलांच्या प्रश्नांहून निराळे आहेत हे डॉक्टरांच्या ध्यानी आले, तेव्हाच अशा विभागाची गरज निर्माण झाली. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने २००९ साली 'उगम' हा बालपणी कर्करोग होऊन गेलेल्या तरुणांचा गट स्थापन झाला. आपले अनुभव व अडचणी हे तरुण स्वतः मांडू लागले, आणि त्या अडचणींत शिक्षण व नोकरी यांना मोठे स्थान होते.

परदेशातील एक उदाहरणही येथे नोंदविण्यासारखे आहे. अमेरिकेत 'कॅन्सर फॉर कॉलेज' ही केवळ कर्करोगमुक्त विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणारी संस्था १९९३ साली क्रेग पोलार्ड यांनी सुरू केली. त्यांना स्वतःला दोन वेळा कर्करोगाशी सामना करावा लागला होता व त्यात त्यांचे दोन्ही पाय गुडघ्याखाली काढावे लागले होते. उपचारानंतर शिक्षणाची वाट किती अवघड होते, हे ज्याने अनुभवले त्यालाच प्रथम सुचले, यात नवल नाही.

रोग जातो, परंतु काय घेऊन जातो?

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हा रक्ताचा, म्हणजे अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया होय. त्याचे उपचार साधारणपणे दोन ते अडीच वर्षे चालतात. हाडाचा कर्करोग व हॉजकिन्स लिम्फोमा हे आजार पौगंडावस्थेत अधिक दिसतात. त्यांचे उपचार काही महिन्यांत आटोपत असले तरी ते महिने बहुधा नववी ते बारावीच्या काळातील असतात. शाळेच्या पटावर नाव राहते, पण मूल वर्गात नसते. रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेली असल्याने गर्दीत पाठवता येत नाही. उपचारासाठी विदर्भातून, मराठवाड्यातून अथवा खानदेशातून मुंबईस यावे लागले, तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या आश्रयाने महिनोन्‌महिने मुक्काम करावा लागतो. तेथे मुलाच्या उशाशी औषधांची पिशवी असते, दप्तर गावीच राहिलेले असते.

दुसरी गोष्ट उपचारांच्या दूरगामी परिणामांची. ज्या औषधांनी जीव वाचतो, तीच औषधे काही मुलांच्या शरीरावर आपली खूण ठेवून जातात. सिस्प्लॅटिनमुळे काहींची श्रवणशक्ती कमी होते, व वर्गातील मागच्या बाकावर बसलेल्या अशा विद्यार्थ्याला व्याख्यान नीट ऐकू येत नाही. व्हिन्क्रिस्टिनमुळे हातापायांच्या नसा दुर्बल होऊन काही काळ सलग लिहिणे कठीण जाते. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधांचा हृदयाच्या स्नायूंवर वर्षांनंतरही परिणाम दिसू शकतो, म्हणून अशा तरुणांची हृदयतपासणी ठरावीक काळाने करावी लागते. मेंदूला किरणोपचार घ्यावे लागलेल्या काही मुलांना एकाग्रता साधण्यास व नवीन गोष्ट आत्मसात करण्यास अधिक वेळ लागतो. रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कर्करोगात कधी एक डोळा, क्वचित दोन्ही डोळे गमवावे लागतात. प्रत्येक मुलाच्या वाट्याला हे परिणाम येतातच असे मुळीच नाही. अनेक मुले पूर्ण निरोगी आयुष्य जगतात. परंतु ज्यांच्या वाट्याला ते येतात, त्यांना अभ्यासात अधिक वेळ, अधिक साधने व अधिक खर्च लागतो.

तिसरी गोष्ट घराच्या आर्थिक स्थितीची. शासकीय आरोग्य योजनांमुळे उपचारांच्या खर्चाचा भार आता पूर्वीइतका राहिलेला नाही. २०१२ साली सुरू झालेली व २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी जनआरोग्य योजना कर्करोगाच्या अनेक उपचारांचा भार उचलते. परंतु रुग्णालयाचे बिल हा खर्चाचा एक भाग झाला. वडिलांची बुडालेली मजुरी, आईने सोडलेले काम, प्रवास, शहरातील मुक्काम, पथ्याचे खाणे, गावी राहिलेल्या धाकट्या भावंडांची सोय यांचा हिशेब कोणत्याही बिलात मांडलेला नसतो. त्यासाठी दागिने मोडलेले असतात, शेताचा तुकडा गहाण पडलेला असतो, सावकाराचे कर्ज झालेले असते. मूल बरे होऊन घरी येते तेव्हा घराची गंगाजळी आटलेली असते. पुढे चार-पाच वर्षांनी महाविद्यालयीन प्रवेशाची वेळ येते, तेव्हाही ते कर्ज पूर्ण फिटलेले नसते. मोठ्याच्या आजारात धाकट्याचे शिक्षण थांबलेले असेल, तर मोठ्याने आता आपल्या शिक्षणासाठी पैसे मागावेत तरी कसे, हाही प्रश्न त्याच्या मनात असतो.

श्रमावर चालणारे घर आणि श्रम न झेपणारे शरीर

आमच्या मते शिष्यवृत्तीचे खरे समर्थन येथे आहे.

ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शरीरश्रमांवर पोट भरले जाते, त्या घरातील मुलाला शिक्षण सोडावे लागले तरी एक वाट उघडी असते. तो शेतात राबतो, बांधकामावर जातो, हमाली करतो, ऊसतोडीच्या टोळीबरोबर जातो. ही वाट कष्टाची आहे, पण तिच्यावर दोन वेळची भाकरी मिळते. आता ज्या मुलाचा हाडाचा कर्करोग बरा झाला आहे आणि ज्याचा पाय वाचविण्यासाठी गुडघ्याच्या जागी धातूचा सांधा बसविला आहे, त्याचा विचार करावा. तो चालतो, बसने प्रवास करतो, चारचौघांसारखा वावरतो. परंतु डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणे त्याला शक्य नाही. ज्याच्या हृदयाची कार्यक्षमता उपचारांमुळे कमी झाली आहे, त्याला भर उन्हात सिमेंटची पोती वाहण्याची अनुमती कोणताही डॉक्टर देणार नाही.

सुखवस्तू घरातील कर्करोगमुक्त मुलाला पदवी मिळाली नाही, तर त्याचे नुकसान होते. मजुराच्या घरातील अशाच मुलाला कोणतेही शिक्षण वा कौशल्य मिळाले नाही, तर त्याच्यापुढे उपजीविकेचे साधनच उरत नाही. वैद्यकशास्त्राने त्याला आयुष्य परत दिले, पण ते आयुष्य चालविण्याचे त्याच्या घराला ठाऊक असलेले एकमेव साधन आजाराने काढून घेतले. अशा तरुणाने पोटासाठी न झेपणारे काम पत्करले, तर वर्षानुवर्षांच्या उपचारांनी जे कमावले ते तो हळूहळू गमावू लागतो. म्हणून आम्ही या शिष्यवृत्तीकडे शिक्षणखात्याचा खर्च म्हणून पाहत नाही. उपचारांचा हा शेवटचा हप्ता आहे, आणि तो भरल्याखेरीज खाते पूर्ण झाले असे आम्हास म्हणता येत नाही.

याच कारणास्तव आमच्या योजनेत केवळ पदवी अभ्यासक्रमांचा समावेश केलेला नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतन, परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र, लेखापालनाचे अभ्यासक्रम, अध्यापन पदविका या सर्वांना आम्ही समान मानतो. ज्यांना दररोज महाविद्यालयात जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी नाशिक येथे १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा मार्ग आहे. आजारपणात शाळा सुटली असल्यास राज्य मंडळाचा १७ क्रमांकाचा अर्ज भरून खासगीरीत्या दहावी-बारावीच्या परीक्षेस बसता येते. पुष्कळ पालकांना ही सोय माहीत नसते, म्हणून आमचा समाजसेवा विभाग उपचार चालू असतानाच त्यांना तिची माहिती देतो.

शासकीय सवलती कोठवर पोहोचतात?

"शासनाच्या शिष्यवृत्त्या असताना आणखी एक कशाला?" हाही प्रश्न विचारला जातो. शासकीय योजना मोलाच्या आहेत व प्रत्येक अर्जदाराने प्रथम त्यांचा लाभ घ्यावा असा आमचा आग्रह असतो. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीच्या शुल्क सवलती महाडीबीटी प्रणालीद्वारे मिळतात. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्णतः माफ करण्यात आले. परंतु शुल्क माफ झाले तरी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी राहण्याचा, जेवणाचा, प्रवासाचा, पुस्तकांचा खर्च उरतोच. वसतिगृह निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत, पण मंजुरीच्या टप्प्यांमुळे रक्कम हाती येण्यास वेळ लागतो. खानावळीचे पैसे मात्र दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात द्यावे लागतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याचा येथे विशेष उल्लेख केला पाहिजे. या कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. त्यांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल हे रक्ताचे आजार आहेत. कर्करोग मात्र नाही. त्यामुळे केवळ कर्करोग होऊन गेला म्हणून कोणतीही सवलत मिळत नाही. परंतु उपचारांमुळे अवयव गमावला असेल, दृष्टी अथवा श्रवणशक्ती कमी झाली असेल आणि दिव्यांगत्वाचे प्रमाण ४० टक्के किंवा अधिक असेल, तर शासकीय व शासन अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतील किमान ५ टक्के राखीव जागांचा आणि वयोमर्यादेतील ५ वर्षांच्या सवलतीचा लाभ घेता येतो. पात्र विद्यार्थ्याला परीक्षेत प्रत्येक तासामागे किमान २० मिनिटांचा अधिक वेळही मिळतो. कित्येक कुटुंबांना आपले मूल या कायद्याखाली येते हेच ठाऊक नसते. प्रमाणपत्रासाठी लागणारी वैद्यकीय कागदपत्रे तयार करून देणे, हे शिष्यवृत्तीच्या रकमेइतकेच उपयोगी काम आहे असे आमचे मत आहे.

अडचण येते ती मधल्या मुलांची. ज्यांचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी आहे, ज्यांचे गुण आजारपणामुळे घसरले आहेत, ज्यांच्या शिक्षणात एक-दोन वर्षांचा खंड पडला आहे, ती मुले कोणत्याच चौकटीत बसत नाहीत. कोठे गुणांची अट आड येते, कोठे उपस्थितीची, तर कोठे खंडाची. आमची शिष्यवृत्ती प्रामुख्याने यांच्यासाठी आहे.

योजनेचे स्वरूप

अर्जदाराची शिफारस उपचारोत्तर तपासणी विभागाकडून येते. कागदपत्रे मोजकीच असतात : उपचार पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र, प्रवेशाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला आणि इतर शिष्यवृत्त्यांविषयीचे निवेदन. वैद्यकीय समाजसेवक अर्जदाराशी व पालकांशी बोलून आपला अभिप्राय देतात. निवड समितीत कर्करोगतज्ज्ञ, समाजसेवक, शिक्षणक्षेत्रातील एक अनुभवी व्यक्ती आणि लेखा विभागाचा प्रतिनिधी असतो. विश्वस्तांनी निवडीत वैयक्तिक शिफारस करू नये, असा संकेत पाळला जातो.

शुल्काची रक्कम थेट महाविद्यालयाच्या खात्यात जमा होते. निर्वाहाची रक्कम विद्यार्थ्याच्या स्वतःच्या बँक खात्यात, जूनमध्ये व दिवाळीनंतर अशी दोन हप्त्यांत दिली जाते. ती पालकांच्या खात्यात न देण्यामागे अविश्वास नाही. घरात देणेकरी दाराशी आला, तर आईवडिलांनी हातातील पैसा प्रथम त्याला द्यावा हे स्वाभाविकच आहे. तो प्रसंग त्यांच्यावर येऊ नये एवढाच हेतू आहे. श्रवणयंत्राची दुरुस्ती, चष्मा, कृत्रिम पायाची देखभाल यांसाठी स्वतंत्र तरतूद ठेवली जाते, कारण कृत्रिम पायाचा पट्टा तुटल्यामुळे विद्यार्थी महिनाभर वर्गात जाऊ शकला नाही, तर भरलेले शुल्क व्यर्थ जाते.

शिष्यवृत्ती चालू राहण्यासाठी मुख्य अट एकच : वर्षातून ठरलेल्या वेळी तपासणीस येणे. उपचार संपून काही वर्षे झाली, प्रकृती उत्तम वाटू लागली, की तरुण मुले रुग्णालयाकडे फिरकत नाहीत. तो रस्ता त्यांना विसरायचा असतो, आणि त्यांना दोष देता येत नाही. परंतु उशिरा उद्भवणारे दुष्परिणाम लवकर लक्षात आले तर त्यांवर इलाज करता येतो. शिष्यवृत्तीच्या निमित्ताने विद्यार्थी वर्षातून एकदा डॉक्टरांसमोर येतो, हा योजनेचा मोठा वैद्यकीय लाभ आहे. उपस्थितीचे दिवस बुडू नयेत म्हणून या तपासण्या शक्यतो दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटीत ठेवल्या जातात. परगावाहून येणाऱ्यांना कर्करुग्णांसाठीच्या रेल्वे सवलतीचा अर्ज रुग्णालयातून भरून दिला जातो.

गुणवत्ता की गरज?

योजनेतील सर्वांत चर्चिला गेलेला मुद्दा गुणांच्या अटीचा आहे. ६० किंवा ७० टक्के गुणांची अट ठेवली तर निवड सोपी होते, देणगीदारांनाही समाधान वाटते. तथापि दहावीच्या वर्षात सहा महिने केमोथेरपी घेतलेल्या मुलाचे ५२ टक्के आणि सर्व सोयी लाभलेल्या मुलाचे ८५ टक्के एकाच मापाने मोजणे न्यायाचे नाही. म्हणून आम्ही किमान गुणांची अट ठेवलेली नाही. प्रवेश मिळाला आहे, अभ्यासाची इच्छा आहे व घरची परिस्थिती बिकट आहे, एवढे पुरे मानले जाते. एखाद्या वर्षी अनुत्तीर्ण झाल्यास कारण समजून घेऊन साहाय्य चालू ठेवता येते. सलग दोन वर्षे प्रगती नसल्यास समिती विद्यार्थ्याशी बोलून दुसरा, अधिक झेपणारा अभ्यासक्रम सुचविते.

नावे व छायाचित्रे का नाहीत?

या लेखासोबत एकाही विद्यार्थ्याचे छायाचित्र अथवा नाव नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. शिष्यवृत्ती वितरणाचा समारंभही आम्ही करीत नाही. व्यासपीठ, पुष्पगुच्छ आणि प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते धनादेश, ही आपल्याकडील सर्वमान्य पद्धत आहे व इतर प्रसंगी ती शोभूनही दिसते. परंतु कर्करोगाविषयी समाजात अजून भीती व गैरसमज आहेत. हा रोग संसर्गजन्य नाही, हे ठाऊक असूनही वसतिगृहात खोली देताना कोणी कचरते. मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली, की जुना आजार सांगावा की न सांगावा, या विवंचनेत सारे घर असते. आपला पूर्वेतिहास कोणास, केव्हा व कसा सांगावा, हा निर्णय त्या तरुण-तरुणीचा आहे. साहाय्य स्वीकारण्याची किंमत म्हणून तो त्यांच्याकडून काढून घेणे आम्हास मान्य नाही. महाविद्यालयास जाणाऱ्या पत्रात 'न्यासाची शैक्षणिक साहाय्य योजना' एवढाच उल्लेख असतो. शिक्षणातील खंडाविषयी प्रमाणपत्र द्यावे लागल्यास वैद्यकीय कारणास्तव खंड पडला व सध्या विद्यार्थी शिक्षणास योग्य आहे, इतकेच त्यात लिहिले जाते.

देणगीदारांना आपला पैसा सत्कारणी लागला हे पाहण्याची इच्छा असते, याची आम्हास जाणीव आहे. त्यासाठी नावे वगळून अभ्यासक्रम, वर्ष, दिलेली रक्कम व निकाल यांचा गोषवारा प्रत्येक देणगीदाराला स्वतंत्रपणे पाठविला जातो, आणि निधीचे हिशेब सनदी लेखापालांकडून तपासले जातात.

आजार उलटला तर?

हा प्रश्न थेट कोणी विचारत नाही. पण तो अनेकांच्या मनात असतो, म्हणून आम्हीच तो मांडतो. कर्करोग पुन्हा उद्भवण्याचा धोका पहिल्या काही वर्षांत अधिक असतो. मग उपचार संपल्यावर काही वर्षे वाट पाहूनच शिष्यवृत्ती द्यावी, म्हणजे पैसा वाया जाण्याचे भय नाही, असे हिशेबी मन सुचविते. आमचे आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले आहे, तरीही हा सल्ला आम्ही स्वीकारलेला नाही. प्रवेशाचे वर्ष कोणासाठी थांबत नाही. बारावीनंतर तीन वर्षे घरी बसलेला तरुण पुन्हा वर्गात जाण्याची शक्यता फार थोडी उरते. म्हणून डॉक्टरांनी उपचार पूर्ण झाले व शिक्षणास हरकत नाही असे लिहून दिले, की अर्ज विचारात घेतला जातो.

आणि कधी आजार उलटतोही. अशा वेळी शिष्यवृत्ती रद्द होत नाही, स्थगित राहते. विद्यार्थ्याची जागा त्याच्यासाठी राखली जाते. दिलेली रक्कम परत मागितली जात नाही. एखादा विद्यार्थी परत येत नाही. तेव्हा तो खर्च व्यर्थ गेला काय? ताळेबंदाच्या भाषेत याचे उत्तर देता येत नाही. परंतु ज्या तरुणाला आयुष्याची थोडीच वर्षे मिळाली, त्यांतील एक वर्ष तो रुग्ण म्हणून न राहता विद्यार्थी म्हणून जगला, त्याच्या खिशात महाविद्यालयाचे ओळखपत्र होते, मित्रांबरोबर त्याने परीक्षेचा अभ्यास केला. या खर्चाला आम्ही बुडीत खाती टाकत नाही.

निधीचा हिशेब

आता पैशांविषयी. धर्मादाय रुग्णालयांना २००६ पासून लागू असलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात, आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. हा निधी अशा रुग्णांच्या उपचारांसाठीच वापरता येतो. त्यातून एक रुपयाही शिष्यवृत्तीकडे वळविता येत नाही व वळविला जात नाही. शैक्षणिक साहाय्य हे न्यासपत्रातील उद्दिष्टांत असावे लागते आणि त्याचा निधी स्वतंत्र ठेवावा लागतो.

हा निधी कायम ठेवीच्या रूपात असावा, असा आमचा आग्रह आहे. त्याचे कारण एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, १० लाख रुपयांच्या ठेवीवर वार्षिक साडेसहा टक्के व्याज मिळाले, तर वर्षाला ६५,००० रुपये हाती येतात. कायद्याने न्यासाला आपल्या उत्पन्नाच्या १५ टक्क्यांपर्यंत रक्कम शिल्लक ठेवता येते. त्यानुसार ९,७५० रुपये महागाईला तोंड देण्यासाठी बाजूला ठेवले, तरी ५५,२५० रुपये उरतात. एवढ्या रकमेत एका विद्यार्थ्याच्या निर्वाहाला दरवर्षी मोठा हातभार लागतो, आणि तो शिकून बाहेर पडल्यावर त्याची जागा दुसरा घेतो. याउलट एकरकमी देणगी त्या वर्षी उपयोगी पडते, पण पहिल्या वर्षी प्रवेश घेतलेल्या मुलाला दुसऱ्या वर्षी "यंदा देणगी आली नाही" असे सांगण्याची पाळी येऊ शकते. आजाराने ज्याचे शिक्षण एकदा थांबविले, त्याचे शिक्षण आमच्यामुळे पुन्हा थांबता कामा नये. म्हणूनच अभ्यासक्रमाच्या सर्व वर्षांची तरतूद दिसल्याखेरीज आम्ही नवा विद्यार्थी स्वीकारत नाही. यामुळे काही पात्र अर्ज प्रतीक्षायादीत राहतात, याची आम्हास खंत आहे.

नम्र आवाहन

सभासद व हितचिंतकांस आमची विनंती आहे, की या निधीस आपण यथाशक्ती हातभार लावावा. देणगी कायम निधीसाठी असल्यास सोबतच्या पत्रात तसे स्पष्ट लिहावे, कारण लेखी निर्देशाखेरीज ती रक्कम कायम निधीत धरता येत नाही. आयकरातील वजावट आपण निवडलेल्या करप्रणालीवर अवलंबून असते, तेव्हा आपल्या कर सल्लागारांना विचारून घ्यावे. आप्तांच्या स्मृतिप्रीत्यर्थ, वाढदिवसाच्या किंवा सेवानिवृत्तीच्या निमित्ताने दिलेली छोटी रक्कमही आम्ही आदराने स्वीकारतो.

ज्यांना पैसे देणे शक्य नाही, त्यांच्यासाठीही काम आहे. निवृत्त शिक्षकांनी वॉर्डातील मुलांना आठवड्यातून दोन तास गणित-इंग्रजी शिकविले, तर दहावीचे वर्ष वाचू शकते. ज्या गावी आमचा विद्यार्थी शिकत आहे, तेथे एखाद्या कुटुंबाने त्याच्या राहण्याची सोय केली, तर एका वसतिगृहाचा खर्च वाचतो. वारावर जेवून शिकलेल्या पिढ्या महाराष्ट्राने पाहिल्या आहेत, त्यामुळे ही कल्पना आपणांस परकी वाटणार नाही. उद्योजक व कार्यालयप्रमुखांस विनंती अशी, की नोकरीच्या अर्जात शिक्षणातील दोन वर्षांचा खंड दिसला, तर अर्ज बाजूला सारण्यापूर्वी एकदा कारण विचारावे.

प्रतीक्षायादीतील अर्जांवर पुढील जून महिन्यापूर्वी निर्णय घ्यावयाचा आहे. निधीची पावती-पुस्तके लेखा विभागात व समाजसेवा विभागात उपलब्ध असून, योजनेचे नियम व मागील हिशेब कोणाही सभासदास कार्यालयीन वेळेत पाहता येतील. आपण यावे, ते पाहावेत, शंका विचाराव्यात, आणि मन भरल्यासच साहाय्य करावे, ही नम्र विनंती.